प्रादेशिक आर्थिक विकासाच्या परिषदेला पहिल्यांदाच जातोय, तयारी कशी करावी?

नवाआराखडा

नमस्कार मंडळी. एका प्रादेशिक विकास संस्थेच्या नियोजन विभागात काम करतो. प्रादेशिक आर्थिक विकासावरच्या तीन दिवसांच्या व्यावसायिक परिषदेला जायचं ठरलं आहे. एका वेळी पाच-सहा सत्रं समांतर चालणार, दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस औद्योगिक वसाहतीची पाहणी आणि तिसऱ्या दिवशी माझं १५ मिनिटांचं सादरीकरण. परतल्यावर विभागाला अहवाल द्यायचा आहे.

प्रश्न असे:
सत्रं कशावरून निवडायची?
"आमच्या योजनेतून अमुक हजार रोजगार निर्माण झाले" असे दावे ऐकताना नेमकं काय विचारायचं?
पाहणीत काय बघायचं?
सादरीकरणात हमखास कुठे घोटाळा होतो?

"ओळखी वाढवा, मोकळेपणाने बोला" हे सल्ले भरपूर मिळालेत. त्यापलीकडचं कुणी सांगू शकलं तर बरं.

---

लेखाजोखा

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्यावरच अवलंबून आहे.

पडद्यावर रोजगाराचा आकडा आला की तो एकूण आहे की निव्वळ, हे आधी विचारा. एकूण आकड्यातून तीन गोष्टी वजा व्हायला हव्यात. योजना नसती तरी जे झालंच असतं ते, म्हणजे डेडवेट. त्याच प्रदेशातल्या दुसऱ्या उद्योगाचं गिऱ्हाईक किंवा कामगार ओढून जे झालं ते, म्हणजे डिस्प्लेसमेंट. आणि प्रदेशाबाहेरून रोज येऊन काम करणाऱ्यांच्या वाट्याला गेलं ते, म्हणजे लीकेज. एवढं वजा झाल्यावरच गुणक लावायचा, म्हणजे एका थेट रोजगारामागे प्रदेशात एकूण किती रोजगार होतात तो आकडा.

कागदावर करून बघा. आकडे फक्त उदाहरणादाखल. जाहीर केलेले रोजगार १,०००. डेडवेट ४० टक्के धरला तर उरले ६००. त्यातले २५ टक्के डिस्प्लेसमेंटमध्ये गेले, उरले ४५०. त्यातले २० टक्के बाहेरच्यांना, उरले ३६०. १.३ चा गुणक लावला की ४६८. म्हणजे दर रोजगारामागचा खर्च पडद्यावर दिसतो त्याच्या दुपटीहून जास्त. यातलं एकही गृहीतक टोकाचं नाही, तरी आकडा निम्म्याखाली येतो.

दुसरी चलाखी बांधकामाच्या रोजगारांची. २०० माणसं तीन वर्षं कामावर होती तर ती ६०० रोजगार-वर्षं झाली, ६०० रोजगार नव्हेत. अहवालात मात्र ते ६०० कायमच्या नोकऱ्यांच्या शेजारी बसवून बेरीज केलेली असते. अर्धवेळ कामाचंही तसंच. मोजणी डोक्यांची आहे की पूर्णवेळ समतुल्याची (दोन अर्धवेळ मिळून एक), हे विचारल्याशिवाय दोन योजनांची तुलना करू नका.

तिसरं, गुणक कुठल्या प्रकारचा आहे. पहिल्या प्रकारात पुरवठा साखळीतला परिणाम धरतात. दुसऱ्या प्रकारात त्यावर घरगुती खर्चातून फिरणारा पैसाही येतो, त्यामुळे तो आकडा नेहमी मोठा दिसतो. प्रदेश जितका लहान तितका गुणक लहान असायला हवा, कारण कच्चा माल आणि सेवा बाहेरूनच येतात. देशभराच्या आकडेवारीवरून काढलेला गुणक तालुक्याएवढ्या भागाला जसाच्या तसा चिकटवलेला दिसला, की पुढचे सगळे आकडे पेन्सिलीने लिहा.

---

उलटतपासणी

लेखाजोखा यांच्याशी सहमत, पण एक अडचण आहे. डेडवेट ४० टक्के की ८०, हे सादरकर्त्याला तरी कुठे ठाऊक असतं? बहुतेक ठिकाणी लाभार्थी कंपनीलाच विचारतात, "अनुदान नसतं तर तुम्ही आला असता का?" कंपनी "नसतो आलो" असंच म्हणणार. पुढच्या वेळी परत अनुदान मागायचं असतं ना.

या विषयावर अमेरिकेतल्या अपजॉन इन्स्टिट्यूट या रोजगार संशोधन संस्थेच्या टिमथी बार्टिक यांनी २०१८ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. अमेरिकेतल्या नेहमीच्या सवलतींमुळे खरोखर निर्णय बदलला अशा कंपन्यांचं प्रमाण त्यांच्या अंदाजाने २ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान पडतं. उरलेल्या तशाही आल्या असत्या किंवा तशाही राहिल्या असत्या. त्यामुळे सादरकर्त्याकडे एक आकडा मागू नका. "डेडवेटची खालची आणि वरची मर्यादा काय धरली आणि निष्कर्ष कुठल्या मर्यादेला उलटतो?" असं विचारा. उत्तर असेल तर अभ्यास झालेला आहे. नसेल तर ती जाहिरात आहे, चहाला लवकर गेलात तरी चालेल.

---

सीमारेषा

वरच्या दोघांनी अंश बघितला, मी छेदाबद्दल लिहिते.

दरडोई उत्पन्नाचा तक्ता दाखवला की उत्पन्न कामाच्या ठिकाणी मोजलंय की राहत्या ठिकाणी, ते बघा. ब्रिटन युरोपीय संघात होतं तेव्हा संघाच्या आकडेवारीत पश्चिम अंतर्गत लंडन सरासरीच्या कित्येक पट वर दिसायचं. कारण साधं आहे. तिथे काम करणारे रोज बाहेरून येतात, त्यांचं उत्पादन अंशात धरलं जातं आणि ते स्वतः छेदात नसतात. शेजारचे राहायचे भाग त्याच कारणाने होते त्याहून गरीब दिसायचे. लक्झेंबर्गचंही हेच.

आयर्लंडचा २०१५ चा आकडा तर कुठल्याही सत्रात निघू शकतो. एका वर्षात जीडीपी सुमारे २६ टक्क्यांनी वाढला, कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक मालमत्ता तिकडे नोंदवली. कारखाने, माणसं, पगार त्या प्रमाणात वाढले नव्हते. पुढे तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचं वेगळं मापच सुरू केलं. मुख्यालयं किंवा पेटंटं जिथे नोंदवलेली असतात अशा कुठल्याही प्रदेशाचा आकडा बघताना हे डोक्यात ठेवा.

आणि हद्द. युरोपीय संघात विकास निधीची पात्रता एनयूटीएस-२ (संघाच्या सांख्यिकी विभागणीतली एक पातळी) पातळीच्या प्रदेशावर ठरते, साधारण ८ लाख ते ३० लाख लोकसंख्येचा. दरडोई जीडीपी संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली असेल तर प्रदेश "कमी विकसित". २०२१ ते २०२७ च्या कार्यक्रमात ७५ ते १०० टक्के म्हणजे "संक्रमणातला". आता हंगेरी बघा. बुडापेस्ट आणि भोवतालचा पेश्त परगणा पूर्वी एकाच प्रदेशात मोडत, राजधानीच्या सरासरीमुळे पेश्तही श्रीमंत ठरे. २०१८ पासून दोन्ही वेगळे केले आणि पेश्त खालच्या गटात आला. जमिनीवर काही बदललं नव्हतं, नकाशावरची रेघ बदलली होती. म्हणून नकाशा दाखवणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते: हीच आकडेवारी एक पातळी खाली उतरून काढली तर चित्र टिकतं का?

यशोगाथांबद्दलही थोडं. स्पेनमधल्या बिल्बाओ शहराचं गुगेनहाइम संग्रहालय १९९७ चं, त्याचा फोटो एखाद्या तरी सादरीकरणात येईलच. फोटोत न येणारा भाग असा: नदीकाठच्या जुन्या औद्योगिक जमिनींचं काम बघणारी बिल्बाओ रिया २००० ही संस्था १९९२ पासून होती, मेट्रो १९९५ मध्ये सुरू झाली, नदीची स्वच्छता त्याही आधीपासून चालू होती. नुसतं संग्रहालय उचलून दुसरीकडे लावायला निघालेल्यांना यातलं काहीच मिळत नाही. कुठलीही यशोगाथा ऐकली की त्याआधीच्या दहा वर्षांत तिथे काय काय झालं, ते विचारा.

---

रांगेतला

सत्रांची निवड: शीर्षक बघू नका, रचना बघा. ६० मिनिटांच्या चर्चासत्रात पाच वक्ते आणि एक सूत्रसंचालक असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं येतात, प्रश्नोत्तरं गुंडाळली जातात. तीन शोधनिबंध आणि एक भाष्यकार असलेलं सत्र घ्या. भाष्यकाराने निबंध आधी वाचलेला असतो, कच्चे दुवे तोच दाखवतो. सारांशात प्रदेश, कालखंड आणि आकडेवारीचा स्रोत या तिन्हींचा उल्लेख नसेल तर सोडून द्या. एका वेळी दोन चांगली सत्रं आली तर ज्याचा निबंध आधीच उपलब्ध आहे ते सोडा आणि दुसऱ्यात बसा.

परिषद कुणाची आहे तेही बघून घ्या. रीजनल स्टडीज असोसिएशन किंवा युरोपियन रीजनल सायन्स असोसिएशनच्या परिषदांत संशोधकांचा भरणा असतो, पद्धतीवर वाद होतो. इंटरनॅशनल इकॉनॉमिक डेव्हलपमेंट कौन्सिलच्या परिषदेत प्रत्यक्ष योजना राबवणारे येतात, तिथे पद्धतीपेक्षा करार आणि निधी यावर बोलणं होतं. एकीकडचे प्रश्न दुसरीकडे विचारलेत तर कोरे चेहरे बघायला मिळतील.

---

नवाआराखडा

सगळ्यांचे आभार, हे खरंच कामाचं आहे. सादरीकरणाबद्दल थोडं जास्त सांगतो. आमच्या प्रदेशात कुठले उद्योग बलवान आहेत हे लोकेशन कोशंट काढून दाखवणार आहे. ज्यांचा आकडा १ च्या वर, त्यांना प्राधान्य द्यावं, अशी शिफारस. १४ स्लाइड झाल्यात. काही चुकतंय का?

---

गुणोत्तर

शिफारस चुकतेय. आकडा बरोबर असेल, पण त्यातून तुम्ही काढताय तो अर्थ निघत नाही.

लोकेशन कोशंट म्हणजे प्रदेशातल्या रोजगारात त्या उद्योगाचा वाटा भागिले देशातल्या रोजगारात त्याचा वाटा. तुमच्याकडे एकूण २,००,००० कामगार आणि अन्नप्रक्रियेत ६,००० असतील तर वाटा ३ टक्के. देशात तो २ टक्के असेल तर कोशंट १.५. यावरून एवढंच कळतं की हा उद्योग इथे सरासरीपेक्षा दाट आहे. तो वाढतोय की मरतोय, हे कळत नाही. बुडणाऱ्या उद्योगाचा कोशंटसुद्धा २ असू शकतो. देशात त्याची पडझड तुमच्यापेक्षा वेगाने झाली तर तुमच्याकडची माणसं कमी होऊनही कोशंट चढतो. सभागृहातला पहिला हात याच मुद्द्यावर वर जाणार.

म्हणून सोबत शिफ्ट-शेअर काढा, म्हणजे वाढीतला देशाचा, उद्योगाचा आणि प्रदेशाचा वाटा वेगळा करा. समजा उद्योगात सुरुवातीला १०,००० रोजगार होते, शेवटी ११,२०० झाले. वाढ १,२००, म्हणजे १२ टक्के, ऐकायला छान. देशाचा एकूण रोजगार ८ टक्के वाढला, म्हणजे ८०० तर सगळीकडचं वारं होतं म्हणून आले. हा उद्योग देशात १५ टक्के वाढला, म्हणजे सरासरीपेक्षा ७ टक्के जास्त, त्याचे ७००. ८०० आणि ७०० मिळून १,५०० यायला हवे होते. आले १,२००. प्रदेशाचा स्वतःचा वाटा उणे ३००. म्हणजे वाढत्या उद्योगात तुमचा प्रदेश मागे पडतोय. कोशंटच्या तक्त्यात हे कधीच दिसलं नसतं.

तरी शिफ्ट-शेअर कारण सांगत नाही, कुठे खणायचं ते दाखवतं. सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष बदललं की उत्तर बदलतं, त्यामुळे मंदीच्या तळाचं वर्ष सुरुवातीला घेऊ नका. दोन वेगळ्या कालखंडांवर काढा, अधिक-उणे चिन्ह तेच राहिलं तरच स्लाइडवर टाका.

छोट्या आकड्यांपासून सांभाळा. एकूण ५,००० कामगारांच्या भागात एका कारखान्यात ४० माणसं असली आणि देशात तो उद्योग ०.१ टक्का असला तर कोशंट ८ येतो. ते क्लस्टर (एकमेकांना पूरक उद्योगांचा समूह) नव्हे, एक कारखाना आहे. किमान रोजगार आणि किमान आस्थापना अशी दुहेरी अट लावा आणि ती स्लाइडवर लिहा. शिवाय उद्योगाचं वर्गीकरण फार बारीक केलंत तर सांख्यिकी कार्यालय गोपनीयतेपोटी बरेच रकाने रिकामे ठेवतं. ते रिकामे रकाने शून्य समजून बेरीज केलेली सादरीकरणं सर्रास दिसतात.

---

उलटतपासणी

क्लस्टर हा शब्द जपूनच वापरा. अर्थशास्त्रज्ञ अल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये एकाच जागी उद्योग का गोळा होतात याची तीन कारणं मांडली होती: कुशल कामगारांचा साठा, पूरक पुरवठादार आणि एकमेकांकडून पसरणारं ज्ञान. तुमच्या प्रदेशात यातलं एखादं तरी दाखवता येतं का? एकाच प्रकारच्या दहा कंपन्या शेजारी शेजारी असून कच्चा माल, यंत्रदुरुस्ती आणि कामगार तिन्ही बाहेरून येत असतील तर ती फक्त गर्दी आहे. कोशंट या दोन्ही परिस्थितींत सारखाच येईल.

---

फाटकापाशी

पाहणीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून.

वसाहतीत नेल्यावर भरलेले भूखंड किती ते सांगतात. तीन आकडे वेगवेगळे मागा: वाटप झालेले, बांधकाम झालेले आणि आज उत्पादन चालू असलेले. यांत मोठी तफावत असेल तर भूखंड घेऊन भाव वाढायची वाट बघणारे बरेच आहेत. मग विचारा, ठरावीक मुदतीत बांधकाम न केल्यास भूखंड परत घ्यायचं कलम आहे का आणि ते आजवर कधी वापरलंय का. कलम असतंच. वापरलेलं असेल तर कुठल्या वर्षी, ते टिपून घ्या.

सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता आणि प्रत्यक्ष आवक, हे दोन आकडे मागा. आवक क्षमतेच्या जेमतेम पाव भाग असेल तर वसाहत सांगतात तितकी चालत नाही, किंवा सांडपाणी दुसरीकडे जातंय. वीज उपकेंद्राचंही तसंच: मंजूर भार आणि प्रत्यक्ष कमाल मागणी. हे आकडे चालवणाऱ्या तंत्रज्ञाला तोंडपाठ असतात, माहिती देणाऱ्या जनसंपर्कवाल्याला नसतात. म्हणून घोळक्याच्या पुढे न चालता जरा मागे रेंगाळा.

पाळी सुटायची वेळ पाहणीत येत असेल तर सोन्याहून पिवळं. फाटकावर कंत्राटदारांच्या बस किती, कुठल्या गावांच्या पाट्या, चालत घरी जाणारे किती, एवढं बघितलं तरी वर लेखाजोखा यांनी सांगितलेल्या लीकेजचा ढोबळ अंदाज येतो.

---

लेखाजोखा

उत्तम मुद्दे. सादरीकरणाच्या तांत्रिक बाजूबद्दल थोडं.

१५ मिनिटं म्हणजे बहुतेक ठिकाणी १२ बोलायला आणि ३ प्रश्नांना. १४ स्लाइड जास्त होतात, ९ वर आणा. पहिल्या दोन मिनिटांत प्रश्न आणि उत्तर दोन्ही सांगून टाका. आधीच्या वक्त्याने वेळ खाल्ली तर अध्यक्ष तुमची शेवटची चार मिनिटं कापतात, आणि निष्कर्ष तिथेच ठेवलेला असतो. प्रदेशाची भौगोलिक ओळख, लोकसंख्या, हवामान हे सगळं काढा.

नकाशा एकच ठेवा. रंगछटांच्या नकाशावर एकूण आकडे भरू नका, दर किंवा वाटा भरा. नाहीतर मोठा जिल्हा कायम गडद दिसतो, मग विषय कुठलाही असो. पाच छटा पुरे. लाल-हिरवी जोडी टाळा, रंगांधळ्यांना ती सारखीच दिसते. अक्षरं २४ पॉइंटच्या खाली नकोत.

देवनागरी मजकूर असेल तर फॉन्ट अंतर्भूत करून पीडीएफ बनवा आणि तीच चालवा. दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की मजकूर विस्कटतो, जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. फाइल पेन ड्राइव्हवर आणि ईमेलवर, दोन्हीकडे ठेवा.

शेवटच्या स्लाइडनंतर तीन राखीव स्लाइड ठेवा: आकडेवारीचा स्रोत आणि वर्षं, उद्योगांचं वर्गीकरण कसं केलं, आणि प्रदेशाची हद्द दाखवणारा नकाशा. दहापैकी आठ प्रश्नांची उत्तरं त्यातच असतात.

---

रांगेतला

ओळखींबद्दल तुम्हाला सल्ला नको होता, तरी एक देतो. उद्घाटनाच्या भाषणाला येणाऱ्या बड्या मंडळींच्या मागे धावू नका. योजनेचे अर्ज तपासणारा अधिकारी शोधा आणि त्याच्याकडे तीन कागद मागा: अर्जाचा कोरा नमुना, गुणांकनाचा तक्ता आणि लाभार्थ्याशी होणाऱ्या कराराचा मसुदा. योजनेचं सादरीकरण सगळे देतात, पण योजना खरी कशी चालते ते या तीन कागदांत असतं. गुणांकनात रोजगाराला किती आणि नुसत्या गुंतवणुकीला किती गुण आहेत ते बघितलं की कशा प्रकारचे उद्योग आले असतील ते न विचारता कळतं. करारात ठरलेले रोजगार न दिल्यास अनुदान परत घ्यायचं कलम आहे का, आणि रोजगार कोण मोजतं, कंपनी स्वतः की तिसरा पक्ष, एवढं वाचा.

ईमेल तीन दिवसांच्या आत पाठवा. कुठल्या स्लाइडवरचा कुठला आकडा ते लिहा आणि एकच गोष्ट मागा. "आपल्याशी पुढेही संपर्कात राहायला आवडेल" या ईमेलना उत्तर येत नाही.

---

सीमारेषा

अहवालाचं राहिलं. सत्रनिहाय इतिवृत्त लिहू नका, कुणी वाचत नाही. दोन पानांचा तक्ता करा, चार रकाने: दावा काय, तो कशाच्या तुलनेत, हद्द आणि कालखंड कुठला, आणि आपल्याकडच्या आकडेवारीवर तो तपासता येतो का. चौथ्या रकान्यात "होय" असलेल्या ओळी वर घ्या, प्रत्येकीपुढे कुणी आणि कधीपर्यंत तपासायचं ते लिहा. तक्ता परतीच्या प्रवासातच भरा. आठवड्याने बसलात तर तुमच्याच टिपणांतला "३.२" हा गुणक होता, कोशंट होता की टक्के, हे तुम्हालाच उमगणार नाही. टिपणात प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायची सवय पहिल्या सत्रापासूनच लावा.

---

नवाआराखडा

शिफारशीची स्लाइड काढली. शिफ्ट-शेअर दोन कालखंडांवर करून बघितलं, कोशंट १ च्या वर असलेल्या सात उद्योगांपैकी चारांचा प्रादेशिक वाटा दोन्ही वेळा उणे येतोय. आता सादरीकरण त्या चारांवरच करतो. मार्शलच्या तीन कारणांपैकी पुरवठादारांची यादी जमवता येईल, कामगारांच्या हालचालीची आकडेवारी मात्र आमच्याकडे नाही. त्याला काही पर्याय?

---

गुणोत्तर

भविष्य निर्वाह निधीसारख्या प्रशासकीय नोंदी मिळाल्या तर माणूस कुठल्या कंपनीतून कुठे गेला ते दिसतं, पण परवानगीला वेळ लागतो, या परिषदेपर्यंत होणार नाही. तोवर त्या चार उद्योगांतल्या नोकरीच्या जाहिराती बघा. कौशल्याच्या अटी एकमेकींशी जुळतात का, आणि एकच जागा पुन्हा पुन्हा जाहीर होते का. पुन्हा पुन्हा होत असेल तर माणूस मिळत नाही किंवा टिकत नाही. यातलं कोणतं, ते दोन-तीन कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागाला फोन केला की कळेल. स्लाइडवर "प्राथमिक संकेत" असंच लिहा, आणि किती जाहिराती, कुठल्या महिन्यांतल्या, ते खाली बारीक अक्षरात न टाकता शीर्षकातच द्या.